दुपारची गाणी

अश्वजित जळगाव जामोदच्या एका कॉलेजात तासिकेवर संख्याशास्त्र शिकवायचा. सात वर्षं झाली होती. आकड्यांवर त्याचा भारी जीव. रोज संध्याकाळी जेवणाआधी तो मोबाईलमधल्या एका ॲपवर दिवसाचा रंग भरायचा. चांगला गेला तर हिरवा, जेमतेम गेला तर पिवळा, वाईट गेला तर लाल. त्याची बायको रेणुका हसायची. स्वतःच्या मनाचं प्रगतिपुस्तक भरणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला होता.

आषाढी पौर्णिमेला बौद्धांचा वर्षावास सुरू झाला, तेव्हा ती वडनेर भोलजीला माहेरी गेली. चार दिवसांसाठी गेलेली ती डिसेंबर लागला तरी परतली नाही. भांडण झालेलं नव्हतं. फोनवर "येते" म्हणायची आणि यायची नाही.

वर्ष सरत आलं तसा गाण्यांच्या ॲपने वर्षभराचा गोषवारा पाठवला. सगळ्यात जास्त वाजलेलं गाणं पाहून अश्वजितला वाटलं, काहीतरी घोळ झालाय. एका बाईच्या आवाजातलं जुनं, संथ गाणं. त्याने ते कधी लावलंच नव्हतं. मग ध्यानात आलं. अकाउंट दोघांचं एकच होतं, लग्नानंतर त्यानेच तिच्या फोनवर चालू करून दिलेलं.

त्याने वर्षभराची सगळी नोंद मागवली. आठवड्याने ती आली आणि रविवारी सकाळी तो लॅपटॉप उघडून बसला. काय ऐकलं की आपल्याला बरं वाटतं, एवढंच त्याला आधी शोधायचं होतं. तिची गाणी वेगळी काढणं अवघड नव्हतं. अकरा ते चार तो वर्गावर असायचा, म्हणजे त्या वेळातलं सगळं तिचं. शेजारच्या रकान्यात त्याने आपले रंग मांडले.

मार्चमध्ये रेणुकाचं पोट पडलं होतं, तिसऱ्या महिन्यात. आठ दिवस ती पडून होती. नवव्या दिवशी उठून तिने त्याचा डबा करून दिला. त्या दिवशी त्याने हिरवा रंग भरला होता आणि खाली लिहिलं होतं, 'रेणुका सावरली.' पुढचा एप्रिल जवळजवळ सगळा हिरवा. पोरांचे निकाल चांगले लागले होते, पुढच्या वर्षाचे तासही मिळाले होते. आणि त्याच एप्रिलमध्ये भर दुपारी, तो घराबाहेर असताना, ते एकच गाणं लागोपाठ वाजत होतं. एका दिवशी तर एकोणीस वेळा. त्या संध्याकाळी त्याने कॉलेजातल्या चौघांना जेवायला आणलं होतं. रेणुकाने सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं होतं.

त्याने ते गाणं लावून ऐकलं. दोनदा ऐकलं. ती नेमकी कुठे अडकत असेल ते त्याला कळलं नाही.

जुलैनंतर मात्र ते गाणं विरळ होत गेलं आणि ऑक्टोबरात बंदच झालं. नोव्हेंबरात सकाळीसकाळी, त्याने कधी न लावलेली, उडत्या चालीची गाणी सुरू झालेली. अश्वजितच्या जिवात जीव आला. बरी झाली, आता येईल, असं त्याने धरून टाकलं. दुसऱ्या दिवशी तो सगळा तक्ता कागदावर छापून घेतला आणि नांदुऱ्यावरून बस बदलून वडनेर गाठलं.

सासू जनकाबाईंनी पाणी दिलं. रेणुका ओसरीवर शिवणयंत्रावर बसली होती. गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवायला लागली होती. त्याने कागद पुढे केला, काय कुठे आहे ते समजावून सांगितलं. तिने तो बराच वेळ पाहिला.

"मले माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

"संध्याकाळी तुमी घरीच असायचे ना. मह्याकडं पाह्यलं असतं तर कळलं असतं."

"आता तर तुले बरं वाटून राह्यलं. कागदातच दिसते."

"वाटते," रेणुका म्हणाली. "म्हणूनच येत नाही."

यापुढे रोज विचारत जाईन, असं तो म्हणाला. ती चिडली नाही.

"विचारसान," ती म्हणाली, "अन् लिहून ठेवसान."

कागदाची घडी करून तिने त्याच्या हातात परत दिली. मग त्याच्यासमोरच आपल्या फोनमधून त्याचं अकाउंट काढून टाकलं आणि यंत्राच्या सुईखाली कापड सरकवलं.

सासरे भाऊराव त्याला बसथांब्यावर सोडायला आले. दोघांनी चहा घेतला. बस दिसली तसा म्हातारा उठला.

"पोरगी हट्टी असती तं समजूत काढली असती मी," ते म्हणाले. "पन ते हट्टी नाही, जवाई."

पुन्हा या, असं ते नेहमी म्हणायचे. त्या दिवशी म्हणाले नाहीत.

फेब्रुवारीत दोन्हीकडची चार माणसं बसली आणि तासाभरात सगळं ठरलं. अश्वजितला कोणी दोष दिला नाही. पुढच्या बुधवारी रेणुकाचा भाऊ प्रसेनजित छोटा टेम्पो घेऊन सामान न्यायला आला, एकटाच. भांडी, दोन पेट्या आणि लग्नातलं लोखंडी कपाट. वरच्या मजल्यावरून कपाट एकट्याने उतरणारं नव्हतं. अश्वजितने खालची बाजू धरली, आणि दोघं एकेक पायरी मोजत ते खाली घेऊन गेले.