अकरा पीपीएम भक्ती

सात मजली कार्यालयातली हवा मोजायची आणि खेळती ठेवायची, हे तिचं काम. म्हणून सगळे तिला हवावाली म्हणत आणि एसी बिघडला की तिच्याच नावाने खडे फोडत. प्रत्येक खोलीत तिने भिंतीवर एक यंत्र बसवलं होतं. माणसं श्वास सोडतात तसा खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि यंत्र तो आकडा दर पाच मिनिटांनी टिपून ठेवतं. यंत्राला धर्म नसतो आणि बढतीही नको असते.

बढतीचा संबंध होता तो असा. वर्षापूर्वी साहेबांनी रोज सकाळी पावणेदहा ते दहा अशी प्रार्थना सुरू केली. ‘ऐच्छिक’. फक्त दारातल्या मशीनवर कार्ड टेकवायचं. हजेरी कमी भरली की बढतीच्या यादीतून नाव गळायचं, तेही ऐच्छिकच. बघता बघता सगळं कार्यालय भाविक झालं.

हवावाली मात्र पावणेदहाला लेकीला तळमजल्यावरच्या पाळणाघरात सोडत असे. दीड वर्षाची लेक पायाला मिठी मारून बसायची, ती सुटेपर्यंत दहा वाजायचे. म्हणून ती आपलं कार्ड गुपचूप सफाईच्या मावशींकडे द्यायची. आपण एकटीच लबाड आहोत, असं तिला वर्षभर वाटत होतं.

सोमवारी परिपत्रक आलं. रोज एकशे चाळीस जण येत असल्यामुळे प्रार्थनागृह अपुरं पडत आहे, सबब शेजारचं पाळणाघर महिनाअखेर बंद करून मधली भिंत पाडण्यात येईल.

तिच्या घरी लेकीला सांभाळायला कोणी नव्हतं. पाळणाघर गेलं तर नोकरीवर पाणी सोडणं आलं.

रडण्याआधी आकडे बघावेत ही तिची सवय. तिने प्रार्थनागृहाचा वर्षभराचा आलेख काढला. पावणेदहाला चारशे वीस पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत चारशे वीस भाग. दहा वाजता चारशे एकतीस. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. रोज अकराची वाढ.

तिने हॉलची लांबी, रुंदी, उंची गुणली. पंधरा मिनिटांत एक माणूस साधारण साडेचार लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बंद खिडक्यांच्या त्या हॉलमध्ये एका माणसाने आकडा अकराने वाढतो. एकशे चाळिसांनी दीड हजाराने वाढायला हवा होता.

म्हणजे एकशे एकोणचाळीस जण भक्तीत श्वास रोखून बसत होते, नाहीतर दुसरीकडेच श्वास घेत होते. तिने कँटीनचा आलेख उघडला. त्याच पंधरा मिनिटांत कँटीनमधला आकडा दोन हजारांवर जात होता.

दुसऱ्या दिवशी लेकीला जरा लवकर सोडून ती तशीच प्रार्थनागृहात शिरली. स्पीकरवर रेकॉर्ड केलेली प्रार्थना चालू होती. मावशी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एकेक कार्ड काढून मशीनवर टेकवत होत्या.

“दार लोट गं. गार हवा पळते.”

“मावशी, ही सगळ्यांची कार्डं?”

“मग काय, तुझ्या एकटीचंच घेते होय? मजल्याप्रमाणे लावलीत. सगळ्यात वर साहेबांचं.”

“साहेबांचं पण?”

“पहिलं त्यांचंच आलं. मग बाकीच्यांना धीर आला.”

हवावालीला हसूच फुटलं. “आणि तुम्ही? तुम्ही तरी प्रार्थना करता का?”

“कार्डं संपली की दोन मिनिटं. त्याला सांगते, बाबा रे, मी एकटीच आलेय, बाकीचे चहा पितायत, तरी सांभाळून घे.”

“मग तो काय म्हणतो?”

“काही नाही म्हणत. त्याचंही कार्ड असेल कोणाकडे तरी.” मावशींनी डब्याचं झाकण लावलं, आणि मग आवाज खाली आला. “वर सांगणार आहेस का? निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत माझी.”

“नाही,” ती म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातातला एकमेव पुरावा आपण आत्ताच देऊन टाकला.

गुरुवारी ती साहेबांसमोर बसली, नुसते दोन आलेख घेऊन.

“हे काय?”

“पाळणाघर, साहेब. लहानशी खोली, बावीस मुलं, आकडा एकोणीसशे. मुलं पेंगतात. आणि हे प्रार्थनागृह. एकशे चाळीस माणसं, आकडा चारशे एकतीस.”

आपण तिथे वर्षभर गेलो नाही, हे साहेबांना ठाऊक होतं. हिलाही ठाऊक आहे का, एवढंच ते तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. तिने चेहरा कोरा ठेवला.

“कमी आहे ना हा आकडा?” त्यांनी सावधपणे विचारलं.

“फारच कमी. एवढ्या माणसांत हवा इतकी स्वच्छ राहिलेली मी कुठेच पाहिली नाही.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. “प्रार्थनेचा प्रभाव!”

“असेलही, साहेब. पण मग हॉल अपुरा कुठे पडतो? एवढा प्रभाव लहान खोलीतही पडेल. गरज मुलांना आहे.”

साहेब कात्रीत सापडले. हॉल अपुरा म्हणावा तर प्रभाव खोटा, प्रभाव खोटा म्हणावा तर हजेरी खोटी.

“खोल्यांची अदलाबदल करा,” ते अखेर म्हणाले. “पण प्रभावाचं अहवालात आलं पाहिजे. तुमच्या सहीने.”

ही मात्र पंचाईत होती. खोट्या वाक्याखाली तिने आजवर सही केली नव्हती. तासभर खाडाखोड करून तिने लिहिलं, ‘एकशे चाळीस कार्डांच्या नियमित हजेरीचा प्रार्थनागृहातील हवेवर कोणताही अनिष्ट परिणाम आढळला नाही.’ प्रत्येक शब्द खरा होता. साहेबांनी ते वाक्य चौकटीत बसवून दारावर लावलं.

पुढच्या सोमवारी लेक मोठ्या हॉलमध्ये शिरली आणि पायाला मिठी न मारता धावतच सुटली. घड्याळात जेमतेम पावणेदहा वाजले होते. हवावाली शेजारच्या लहान खोलीच्या दारात गेली आणि मावशींच्या डब्यात कार्ड टाकलं.

“आज वेळ आहे ना तुला?” मावशी म्हणाल्या. “मग ये की आत, दोन मिनिटं.”

“नको मावशी,” ती म्हणाली. “आकडा बिघडेल.”