फखरुद्दीनशेठच्या गाडीचा एसी

कुवेतवर लढाई आली आणि यूनुस जीव वाचवून भिवंडीला परतला, तेव्हा फखरुद्दीनशेठनी त्याला दारातच मिठी मारली. मग त्याचा पासपोर्ट घेतला आणि आपल्या लोखंडी कपाटात ठेवून दिला. "इथं सांभाळून राहील," ते म्हणाले. कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असायची.

यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर यूनुसला तोंड उघडता येईना. शेठ त्याचे सख्खे मामा, आणि त्यांची थोरली मुलगी इशरत ही त्याची बायको, म्हणजे सासरेही तेच. खारबावचं वडिलोपार्जित घर भावाच्या वाट्याला गेलेलं. दुसरीकडे जायचं तरी कुठं? खाली मामूंचे कापडाचे लूम, वर त्यांचं घर. लूम चालू असले की जेवताना ताटातलं कालवणसुद्धा थरथरायचं. मामूंनी त्याला शिफ्टवर लक्ष ठेवायला बसवलं. कामगार उठून सलाम करायचे, 'दामादजी' म्हणायचे. कुवेतमध्ये गाड्यांचे एसी दुरुस्त करणारा यूनुस मिस्त्री इथं कुणाला ठाऊकच नव्हता. दिवसभर तो खुर्चीवर बसून कापड बघायचा आणि शर्टाचं वरचं बटण उघडून मोठा श्वास घ्यायचा. तरी श्वास पुरा पडायचा नाही.

लढाई संपली. उन्हाळ्याच्या तोंडावर शारजाहून नूर मोहम्मदचा फोन आला. कुवेतच्या गॅरेजात दोघं एकत्र होते. "मी स्वतःचं गॅरेज टाकतोय. तू ये, व्हिसाचं मी बघतो," नूर मोहम्मद म्हणाला.

यूनुसनं जेवणाच्या वेळी विषय काढला. मामूंनी शांतपणे हात पुसले.

"जा की. तुला कोण अडवतो? पण साजिदाचं लग्न तोंडावर आलंय. नवरानवरी माझ्या गाडीतून जाणार, आणि या गर्मीत काचा खाली करून न्हाय जाणार. तेवढा एसी चालू करून दे. मग बघू."

साजिदा म्हणजे इशरतची धाकटी बहीण. आणि गाडी म्हणजे मामूंचा जीव की प्राण. बासष्ट सालची लांबलचक अमेरिकन गाडी, स्टीअरिंग डाव्या हाताला, रंग पिस्त्यासारखा. मुंबईतल्या एका वकिलातीच्या लिलावात त्यांनी ती हौसेनं घेतली होती. एसी मात्र कधीचाच बंद पडलेला. यूनुसला त्या सगळ्या बोलण्यातले शेवटचे दोन शब्दच ऐकू आले. मग बघू. निदान एक दरवाजा तरी किलकिला झाला होता.

दुसऱ्याच दिवशी त्यानं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या पुढची जाळी कापसाच्या धुरळ्यानं इतकी भरली होती, की बोटांनी ओढल्यावर गादीतला थर निघावा तसा तुकडा हातात आला. ती त्यानं धुऊन काढली, वाकलेल्या पात्या एकेक करून सरळ केल्या. कॉम्प्रेसर वर्षानुवर्षं न फिरल्यानं जाम झालेला, त्याचं आतलं सील वाळून भेगाळलेलं. तसलं सील मिळेना म्हणून तो कुर्ल्याच्या भंगारात हिंडला आणि दुसऱ्याच कुठल्या कॉम्प्रेसरचं सील आणून, लेथवर जागा करून बसवलं. जुन्या फ्रिजच्या मशीननं पाइपातली सगळी हवा ओढून काढली. इतक्या महिन्यांनी त्याचे हात ग्रीजनं काळे झाले, आणि जेवताना तो स्वतःशीच गुणगुणायला लागला. इशरत ते बघत राहायची.

दुपारी बाकीचे झोपले की ती अंगणात चहा घेऊन यायची, तिथंच बादली पालथी घालून बसायची. गॅस भरल्यावर गळती शोधायचा छोटा दिवा त्यानं पेटवला.

"गॅस गळत असला, की ही ज्योत हिरवी होते," तो म्हणाला.

त्यानं दिवा पाइपांच्या सांध्यांवरून फिरवला. एका ठिकाणी ज्योत खरंच हिरवी झाली. इशरत लहान मुलीसारखी पुढे वाकली. यूनुसनं पाना लावून नट आवळला, ज्योत पुन्हा निळी झाली.

"एवढासा नट?"

"एवढाच. हा सैल झाला, तर सगळी मेहनत हवेत."

संध्याकाळी मामू मागच्या सीटवर बसले. काचा वर केल्या. आधी कोंदट, मग दमट, आणि मग नळ्यांतून असा गारवा आला की मामूंनी दाढीवरून हात फिरवला आणि डोळे मिटून घेतले. "वा रे माझ्या भाच्या!" ते म्हणाले. त्या रात्री यूनुसनं मनातल्या मनात बॅग भरली.

सकाळी त्यानं सहज गाडी चालू केली. नळ्यांतून गरम हवा आली.

बॉनेट उघडलं तर तोच नट सैल. खालच्या पाइपावर तेलाचे शिंतोडे, नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे. आपोआप झालेलं नव्हतं. तो तसाच काळ्या हातांनी वर गेला. मामू पेपर वाचत होते.

"मामू, मला जाऊ द्यायचं नसेल तर तोंडावर सांगा. असं चोरासारखं कशाला?"

"काय झालं?"

"एसीचा गॅस सोडलाय कुणीतरी. या घरात माझं जाणं कुणाला नको आहे, मला काय कळत न्हाय?"

मामूंचा चेहरा पडला. ते उठले, कपाट उघडलं आणि पासपोर्ट काढून त्याच्यापुढे टेबलावर ठेवला.

"तुला अडवायचं असतं तर या कपाटाला कुलूप होतंच की. माझ्या गाडीला मी हात लावीन? माझ्या पोरीच्या लग्नात?" त्यांनी पासपोर्ट पुढे सरकवला. "घे. आज जा, उद्या जा. माझ्या बहिणीचा मुलगा म्हणून ठेवून घेतला होता."

तेवढ्यात इशरत मामूंचा चहा घेऊन आली. तिनं कप डाव्या हातानं ठेवला. उजवा हात ओढणीखाली होता. वळताना ओढणी सरकली आणि यूनुसला तिची बोटं दिसली. दोन बोटांची टोकं पांढुरकी, फुगलेली. भाजल्यासारखी, पण भाजलेली नव्हेत. सुटत्या गॅसचा थंडगार फवारा बसला की कातडी अशी होते. कुवेतमध्ये शिकताना त्याच्या स्वतःच्या हाताला तसंच झालं होतं.

त्यानं मामूंची माफी मागितली. माझीच चूक झाली, नट नीट आवळला नव्हता, म्हणाला. पासपोर्ट उचलून खिशात घातला आणि तिच्या मागोमाग आतल्या खोलीत गेला.

"दुखतंय?"

"न्हाय."

"का केलंस, इशरत?"

तिनं खिडकीचा गज धरला.

"लग्न झालं आणि तुम्ही गेलात. दोन वर्षांनी यायचात, महिनाभर पाहुण्यासारखे राहायचात, परत जायचात. या खोलीत मी किती वर्षं काढली, कधी विचारलंत? लग्न होऊनही बापाच्याच घरात. बाजारात जायचं तर अब्बांना विचारा, खारबावला जायचं तर अब्बांना विचारा. तुम्हाला आता कुठं गुदमरायला लागलंय. मी तर इथंच आहे."

"मी तिकडं घरासाठीच कमवत होतो."

"कुठल्या घरासाठी?"

मिस्त्रीला तिकडं बायको नेता येत नाही, एवढंच यूनुसला ठाऊक होतं. पासपोर्ट खिशात होता, दार सताड उघडं होतं, तरी तो तिथंच उभा होता. इतके दिवस त्याला वाटायचं, आपल्याला मामूंनी कोंडलंय. आता मामू वाटेतून बाजूला झाले होते, तरी भिंत होती तिथंच होती.

तो खाली गेला आणि नट आवळून सिलिंडरमधला उरलेला गॅस भरला. साजिदाचं लग्न झालं. नवरानवरी गारव्यात बसून गेली, गाडी यूनुसनंच चालवली. आरशात साजिदाच्या कपाळावर घामाचा एक थेंबही दिसत नव्हता. निघण्याआधी वऱ्हाडी काचेला नाक लावून आत बघत होते.

लग्नानंतर नूर मोहम्मदचा पुन्हा फोन आला. यूनुसनं त्याला नाही म्हणून सांगितलं. इशरत शेजारीच उभी होती. तिला आनंद झालेला दिसला नाही.

"माझ्यासाठी थांबलो, असं जन्मभर ऐकवू नका," ती म्हणाली.

"न्हाय ऐकवणार. पण या घरात मी राहू शकत न्हाय."

"मग मी तरी कुठं राहू म्हणते?"

अंबाडी नाक्याजवळ तुळशीराम पाटील नावाच्या माणसाच्या घरी दोन खोल्या आणि पुढे एक गाळा भाड्यानं मिळाला. मामू त्यावर इतके चिडले की निरोप द्यायला खाली आले नाहीत. भाचा परदेशी गेला असता तर चाललं असतं, पण मुलीनं बापाचं घर सोडून तासाभरावर जाऊन राहावं, हे त्यांना पटेना. पुढे किती तरी दिवस ते बोलले नाहीत.

गाळ्यात यूनुसनं फ्रिज दुरुस्त करायला घेतले. आइस्क्रीमवाल्यांच्या पेट्या, कधी एखाद्या डॉक्टरच्या गाडीचा एसी. कामं तुटपुंजी होती. काही दिवस त्याला शारजाची इतकी आठवण यायची, की तो हातातला पाना ठेवून वाडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यानं लांबवर चालत जायचा. इशरत विचारायची नाही. एकदा मात्र तो निघालेला पाहून तिनंही चपला घातल्या, दाराला कडी लावली आणि म्हणाली, "मीही येते. हा रस्ता पुढे कुठं जातो, मला अजून माहीत न्हाय."