कशावरनं?

सदाशिव पेठेत मी गणिताचे क्लास घेते. माझ्या तोंडाला फारसा लगाम नाही, हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच कळतं. ऋतुजाच्या वडिलांनाही कळलं होतं. तरी दहावीच्या पहिल्या पूर्वपरीक्षेचा निकाल लागल्यावर मच्छिंद्रराव मांजरी गावाहून येऊन माझ्यासमोर बसले. "मॅडम, गणित आमच्या घरात कुणाच्याच डोक्यात बसत न्हाय," ते म्हणाले. "दुसऱ्या परीक्षेतबी असंच झालं तर पुढं आर्ट्सला घालतो. उगं पोरीचे हाल नकोत."

त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ऋतुजाला इंजिनिअर व्हायचं होतं, आणि नववीत हीच मुलगी पहिल्या बाकावरून मला प्रश्न विचारून हैराण करायची. ती अशी गप्प का झाली, हे मला कळत नव्हतं आणि त्याचा मला राग येत होता. "रविवारी घरी येते," मी म्हटलं. "आधी घर बघू. मग मुलीला घाला कुठे घालायचं तिथे."

घरी मच्छिंद्ररावांनी हौसेनं तिची खोली दाखवली. मोठं टेबल, फिरती खुर्ची, एसी, भिंतीवर सूत्रांचे तक्ते. टीव्ही बंद करून टाकलेला. घरातली माणसं कुजबुजत बोलत होती, आत कुणी आजारी असल्यासारखी. "काही कमी ठिवलं न्हाय," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

ते बाहेर गेल्यावर मी ऋतुजाला प्रमेय घातलं. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून काढलेल्या दोन स्पर्शिका सारख्या लांबीच्या असतात, सिद्ध कर. तिनं सुबक आकृती काढली, पाठ केलेल्या दोन ओळी लिहिल्या आणि पेन खाली ठेवलं.

"पुढचं आठवत नाही, मॅडम."

"आठवायचंय कशाला? हा काय इतिहासाचा पेपर आहे?"

तिनं मान खाली घातली. तेवढ्यात तिची आई, शकूताई, पाणी घेऊन आल्या. दाराशीच थांबून त्यांनी पेला बाहेरच्या स्टुलावर ठेवला आणि वळल्या.

"आत या की," मी म्हटलं.

"नको. तिचा अभ्यास चाललाय."

"तुम्ही आलात म्हणून तो पळून जाणार नाही."

त्या हसल्या नाहीत. पदराला हात पुसत हळू आवाजात म्हणाल्या, "गेल्या साली शाळंत पालकांची मीटिंग होती. पाहुणे आलते भाषणाला. म्हणले, आई शिकलेली नसंल तर पोरं गणितात मागं पडत्यात, घरच्या वातावरणाचा परिणाम होतो. माझी शाळा पाचवीत सुटली. तवापासनं ती अभ्यासाला बसली की मी आत येत न्हाय. माझं अडाणीपण तिला लागाय नको."

ऋतुजा खुर्चीतून उठली. "तू म्हणालीस तुला कंटाळा येतो."

"आणि काय सांगणार?"

"मला वाटलं, तुला खरंच माझा कंटाळा आलाय." मग ती माझ्याकडे वळली. "आधी मी स्वयंपाकघरात बसायचे, मॅडम. ही भाकरी थापताना विचारायची, म्हंजी काय, कशावरनं. हिला सांगता सांगता मला कळायचं."

त्या पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करावं, असं फार वाटलं. सरासरी काढली तर त्यांचं म्हणणं बरोबरही असेल. पण सरासरी ऐकून एक बाई आपल्याच घरात वर्षभर दाराबाहेर राहिली होती.

"शकूताई, आत येऊन बसा," मी म्हटलं. त्या भिंतीला टेकून खालीच बसल्या. ऋतुजा वही घेऊन त्यांच्याशेजारी बसली.

"आई, या दोन रेषा सारख्या आहेत."

शकूताईंनी माझ्याकडे पाहिलं. "विचारा," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"पुस्तकात दिलंय."

"पुस्तकात असंल. तुला कशावरनं कळलं? मोजल्यास?"

"मोजून चालत नाही. उद्या वर्तुळ मोठं काढलं तर?"

"मग?"

ऋतुजानं पेन उचललं आणि वर्तुळाचं केंद्र बाहेरच्या बिंदूला आणि दोन्ही स्पर्शबिंदूंना जोडलं. "ही एक त्रिज्या, ही दुसरी. एकाच वर्तुळाच्या, म्हणून सारख्या. ही मधली रेषा दोन्ही त्रिकोणांत तीच. आणि स्पर्शिका त्रिज्येला लंब असते, म्हणून इथे काटकोन, इथेही काटकोन. म्हणजे दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणून..." ती थांबली. "म्हणून या दोन्ही सारख्याच असणार."

"मला समदं न्हाय कळलं," शकूताई म्हणाल्या.

"मला कळलं," ऋतुजा म्हणाली आणि रडायला लागली.

आवाज ऐकून मच्छिंद्रराव दारात आले. "शकू, भाईर ये. तिला करू दे."

शकूताई सवयीनं उठायला लागल्या. ऋतुजानं त्यांचा पदर धरला. "पप्पा, दार लावून घ्या. आई आतच बसणार आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी काहीतरी बोललेच असते, पण गप्प बसले. त्यांनी दार लावून घेतलं.

शकूताईंनी पदरानं लेकीचं तोंड पुसलं. मग वही तिच्याकडे सरकवून म्हणाल्या, "घे पुढचं."