मागाचा ठोका

माणसानं घेतली आहे हे लोक वासावरून ओळखतात, चालीवरून ओळखतात. मी मागाच्या आवाजावरून ओळखते. आमच्या मोहाडीच्या घरात अंगणालगतच्या खोलीत माग आहे, आणि आमचे हे, खेमराज, तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळून वास लपवण्यात पटाईत. चालही सांभाळायचे. उलट घेतली की जास्तच सभ्य व्हायचे, चपला भिंतीशी नीट जोडून ठेवायचे. पण मागावर बसले की पितळ उघडं पडायचं. आडवं सूत नेणारा धोटा उशिरा सुटायचा आणि वीण घट्ट करणाऱ्या फणीचा ठोका नको तितका जोरात पडायचा. खट, खट, मग गप्प, मग धाडकन. चुलीपाशी बसून मला कळायचं, आज स्वारी पिऊन आली आहे.

तान्ह्या पोळ्याला भर चौकात ते पोरांच्या लाकडी नंदीबैलांवर आडवे झाले. एका लेकराच्या बैलाचं शिंग मोडलं, ते लेकरू रडू लागलं. त्या संध्याकाळी मी सांगून टाकलं, "पुन्हा घेतली तं रीताले घेऊन भावाकडं पवनीले जाईन. मंग बसा मागाशी बोलत." मी बोलते ते करते, हे त्यांना ठाऊक आहे. तेव्हापासून ठोका अगदी एकसारखा पडत होता. आमची पोरगी रीता हसू लागली होती, मलाही झोप लागू लागली होती.

आणि परवा बाजारातून परतताना गल्लीच्या तोंडाशीच ऐकू आलं. खट, खट, गप्प, धाडकन.

शेजारची गिरजाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती. "काहून वं गीता, खेमराजचा माग आज असा कायले वाजून राहिला?" म्हणजे तिलाही कळलं होतं. मी तशीच पुढं निघाले. राग आला होताच, पण वाईट त्याहून जास्त वाटत होतं. पवनीची गाडी, रीताचं कॉलेज, भावजयीचं वाकडं तोंड, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जायचं नव्हतं मला. पण बोलून बसले होते.

दार ढकललं तर हे समोरच. डोळे लालभडक, नाक ओढत, एक हात पाठीमागे, आणि आवाजात नको तेवढा गोडवा.

"आली का गीता? बस अंगणात जरासक. अंदर नोको जाऊ."

एक लक्षण म्हणून कमी नव्हतं. मी पिशवी आपटली. "तोंड उघडा."

"अवं, पण..."

"उघडा म्हटलं ना!"

त्यांनी मुकाट्यानं तोंड उघडलं. मी नाक खुपसून वास घेतला. खर्रा नाही, दारू तर नाहीच. वास येत होता तो कांद्याचा.

"आन् मागं काय लपवून राहिले?"

पाठीमागून भाजी चिरायची सुरी निघाली. तेवढ्यात आतून पुन्हा धाडकन.

मी त्यांच्याकडे पाहिलं, मग खोलीच्या दाराकडे. हे इथं उभे आणि माग तिथं वाजतोय! दुसरं कोणी बसलं असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, गिरजाबाईच्याही नाही. येणार कसं? आमच्यात बाया धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरतात, मागावर गडीमाणूसच बसतो. सासूनं जन्मभर कांड्या भरल्या, मीही तेच करते.

"रीता बसली हाये," ते हळूच म्हणाले. "मले म्हणे, बाबा, शिकवा. वीतभर विणून झालं का तुले दाखवणार होतो. पोरगी मागावर, म्हणून मी भाजी करून राहिलो."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आधी हसू आलं, मग रडू, आणि दोन्ही काही केल्या थांबेनात. छातीवरचं ओझं उतरलं होतं. हे मात्र सुरी धरून घाबरेघुबरे.

"रडून कायले राहिली वं? घेतली नाही मी, तुही शप्पत."

"माईत हाये," मी म्हटलं आणि पदरानं डोळे पुसले.

आतून आलं, खट, खट, गप्प. धाडकनची वाट पाहत माझे खांदे सवयीनं आखडले. मग मी बसल्या जागेवरून आवाज दिला, "रीता, धोटा उशिरा सोडून राहिली तू. लवकर सोड, आन् फणी हलकी आण."

मग खट, खट, खट.

हे बघतच राहिले. "तू तं कदी मागावर बसली नाही. तुले कसं समजलं?"

"आयकून आयकून," मी म्हटलं.

मान खाली घालून ते उरलेला कांदा चिरायला गेले.