पिवळ्या झाकणाची बाटली

टीममध्ये तिला सगळे मावशी म्हणायचे. वयाने ती कुणाहून मोठी नव्हती, पण तिच्या पिशवीत सेफ्टी पिनेपासून डोकेदुखीच्या गोळीपर्यंत काहीही सापडायचं, म्हणून मावशी. कॉलेजच्या या टीमने सिंथेटिक बायोलॉजीच्या स्पर्धेसाठी एक जीवाणू घडवायला घेतला होता. दूध नासण्याच्या बेतात आलं, की आपल्याला काही कळायच्या आत त्याने पिकलेल्या केळ्याचा वास सोडायचा. दुधाच्या पिशवीला त्याची छोटी चकती लावली, की ज्यांना तारीख वाचता येत नाही त्यांनाही दूध कधी टाकायचं ते समजेल, अशी कल्पना.

मावशीच्या नाकाला मात्र केळंही कळत नव्हतं. आदल्या वर्षी तापात तिचा वास गेला, तो परत आलाच नाही. आई रोज फोनवर विचारायची, "आला का गं?" शेवटी एकदा ती "आला" म्हणून मोकळी झाली. डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर बाकावरची एक बाई तिला म्हणाली होती, "बरंच आहे की, कचऱ्याच्या डब्याचा तरी त्रास नाही." त्यानंतर तिने कुणाला सांगितलं नाही.

प्रयोगशाळेत अडायला लागलं. जीवाणू वाढवलेली ताटली उघडली की सगळे हुंगायचे आणि "आज जरा जास्त आहे ना?" म्हणत तिच्याकडे बघायचे. ती मान डोलवायची. मग एका बैठकीत, लोकांमध्ये जाऊन प्रकल्प समजावून सांगायचं काम कोण घेणार, असा प्रश्न निघाला. बाकीचे जमिनीकडे बघायला लागले. तिने हात वर केला.

"मला लोकांशी बोलायला आवडतं," ती म्हणाली. खरं तर अनोळखी माणूस समोर आला की ती पिशवीत उगीच काहीतरी शोधायला लागायची.

जिवंत जीवाणू बाहेर न्यायची परवानगी नव्हती. म्हणून दोन बाटल्यांत कापसाचे बोळे घालून त्यांवर नुसता वास द्यायचा. निळ्या झाकणाच्या बाटलीत साध्या जीवाणूचा घाणेरडा वास, पिवळ्या झाकणाच्या बाटलीत केळ्याचा. मावशी लोकांच्या चेहऱ्यांवरून काम चालवायची. निळीला नाक मुरडलं जायचं, पिवळीला चेहरा सैल व्हायचा. तेवढ्यावर ती पुढचं बोलायची आणि कुणाला शंका यायची नाही.

त्या शनिवारी सार्वजनिक वाचनालयात टेबल मांडलं होतं. टीमचा म्होरक्या, ज्याला सगळे कप्तान म्हणत, घाईघाईत बाटल्या ठेवून प्रयोगशाळेत पळाला. पहिल्या बाईंनी निळी हुंगली आणि त्या हसल्या. पिवळी नाकाशी नेली आणि मान मागे घेतली. "वेगळंच आहे," त्या सावरून म्हणाल्या. मग आईचा हात धरून आलेल्या एका चिमुरडीने सरळ सांगितलं, "याला शीचा वास येतोय."

मावशीच्या मनात पाल चुकचुकली. झाकणं बदलली असतील का? तिने दोन्ही बाटल्या आळीपाळीने नाकाशी धरल्या. काहीच नाही. कुणाला तरी विचारायचं, तर काय विचारायचं? माझ्याच बाटलीत काय आहे ते सांगता का?

तेवढ्यात वर्तमानपत्रांच्या टेबलाजवळून एक गृहस्थ उठून आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला चष्म्याचं घर. तिने सगळं समजावलं. त्यांनी निळी हुंगून नाक मुरडलं. पिवळी हुंगली आणि डोळे मिटले.

"पिकलेलं केळं," ते म्हणाले. "अगदी."

तिचा जीव भांड्यात पडला. मग दुपारभर ती तोंड वाकडं करणाऱ्यांना हसतमुखाने सांगत राहिली, की वास प्रत्येकाला थोडा वेगळा जाणवतो.

संध्याकाळी कप्तान आला, त्याने पिवळं झाकण उघडलं आणि खोकत लांब झाला. "अगं मावशी, झाकणं उलटी लागलीत. दिवसभर हेच हुंगवलंस लोकांना? तुला कळलं नाही?"

"सर्दी झालीय," ती म्हणाली.

टीमच्या ग्रुपवर तो किस्सा रंगला. कुणीतरी तिच्या फोटोवर केळं चिकटवलं. तिनेही हसण्याचं चिन्ह पाठवलं. मग खोलीतल्या बेसिनवर बाटल्या धुताना ती थबकली. सगळ्यांनी तोंड वाकडं केलं होतं आणि एका माणसाला केळं आलं होतं. तिने आधी सांगितलं होतं, तेच त्याला आलं होतं.

पुढच्या शनिवारी ती रिकाम्या हाताने वाचनालयात गेली. ते गृहस्थ वर्तमानपत्रांजवळच्या त्याच खुर्चीत होते. तिने शेजारची खुर्ची ओढली.

"मागच्या वेळी मी बाटली चुकीची दिली होती," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यात केळं नव्हतं."

त्यांनी पेपराची घडी घातली. "मग काय होतं?"

"घाण."

"अस्सं." त्यांनी घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. "माफ करा हं. तुम्ही इतक्या मनापासून सांगत होता, नाही म्हणायला जिवावर आलं."

"मलाही वास येत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं."

आता कुठे त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. त्यांचा वास डोक्याला मार लागून गेला होता, त्याला बरीच वर्षं झाली होती. "बायको होती तोवर काही वाटलं नाही. आमटी उकळायला लागली की ती स्वयंपाकघरातून ओरडून सांगायची, आज कशाचा वास सुटलाय ते. मी आपला बाहेरूनच वा म्हणायचो. आता घरात शिजतं ते सगळं सारखंच." घरच्या कुणाला माहीत आहे का, असं तिने विचारलं. "मुलगा तिकडे लांब. उगीच गॅसची काळजी करत बसेल."

मग त्यांनी तिला विचारलं, अंगाला घामाचा वास येत असेल अशी भीती वाटते का. ती दोनदा आंघोळ करते, हे तिने कबूल केलं. तेही करायचे. दोघं हसली, तेवढ्यात ग्रंथपाल बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. निघताना त्यांनी तिचं नाव विचारलं नाही, तिनेही त्यांचं नाही. नंतर परीक्षा आली. ती पुन्हा गेली तेव्हा त्या खुर्चीत दुसरंच कुणी होतं.

आपल्याला वास येत नाही, हे तिने कप्तानला जिन्यात गाठून सांगितलं. तो ओशाळला. "अगं, आधी बोलायचं नाही का?" म्हणाला, त्याने ग्रुपवरचा फोटोही काढून टाकला, आणि मग विचारलं, सोमवारपर्यंत स्पर्धेचं पोस्टर होईल ना.

पोस्टर झालं. टेबलाचं कामही तिने सोडलं नाही. आता बाटली देण्याआधी ती विचारायची, "तुम्हाला वास येतो ना?" बहुतेकांना प्रश्न विचित्र वाटायचा. एका बाजारात, भाजीची पिशवी घेतलेली एक तरुण बाई पुढे केलेला हात मागे घेत म्हणाली, "नाही येत."

"मलाही नाही," मावशी म्हणाली.

ती बाई टेबलाची कड धरून उभी राहिली. तिला आणखी काही बोलायचं होतं, पण मागे रांग होती आणि कुणीतरी पुढे सरका म्हणालं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती गर्दीत निघून गेली. मावशीने पुढच्या माणसासमोर निळी बाटली धरली.