पोटात पाय नसलेली गोगलगाय

मी एक जुनी गोगलगाय आहे. बागेतली नव्हे, एका कंपनीच्या शिक्क्यातली. मित्रांनो, तुम्ही लगेच मनात म्हणाला असाल, "गोगलगाय नि पोटात पाय!" म्हणा बापडे. मला त्याचा राग येत नाही. माझ्यावर संशय घेणाऱ्या माणसांमुळेच मी आज ताठ मानेने जगते आहे.

माझा जन्म एका वायरमनच्या स्वयंपाकघरात झाला. त्याच्या आईची कंबर फार दुखायची. तिच्यासाठी शेकायची विजेची पट्टी करावी म्हणून तो फरशीवर कापड पसरून त्यावर तार गोल गोल वळवत बसला होता. बायकोला भाताच्या पातेल्यापर्यंत जायला वाट उरली नव्हती. ती वैतागून म्हणाली, "तार वळवताय की गोगलगाय काढताय?" आणि शिवणाच्या खडूने तिने त्या वेटोळ्याला दोन शिंगे आणि एक डोळा काढला. ती मी.

पट्टी म्हातारीला मानवली. मग शेजाऱ्यांनी मागितली, मग दुकानांनी. घरातले काम वर्कशॉपमध्ये गेले. मी खोक्यांवर छापली गेले, पट्टीच्या कोपऱ्यात शिवली गेले. लोक दुकानात जाऊन कंपनीचे नाव घेत नसत, "ती गोगलगायीची पट्टी द्या" म्हणत. ते दिवस मोठ्या सुखाचे होते. वायरमन आणि त्याची बायको थकल्यावर वर्कशॉप त्यांच्या मुलीने हातात घेतले. कामगार तिला ताई म्हणतात. ताईने गिऱ्हाइकांना ई-मेल पाठवायला सुरुवात केली. खोळ कशी धुवायची, वायर कधी तपासायची, असा साधा मजकूर असे आणि त्याखाली मी.

आणि तिथेच घात झाला. मित्रांनो, चित्राला कुलूप नसते. मला कुणीही उचलावे आणि कुठेही चिकटवावे! त्यात ई-मेलची जुनी रीत अशी भोळी, की पाठवणाऱ्याच्या जागी जे नाव लिहिले असेल ते खरे धरायचे. एका भामट्याने ताईच्या वर्कशॉपचा पत्ता जसाच्या तसा लिहिला, खाली मला डकवले आणि गिऱ्हाइकांना कळवले की तुमची पट्टी फुकट बदलून मिळेल, फक्त इथे दाबा आणि तुमच्या मेलचा पासवर्ड भरा.

व्हायोलिन शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी तो भरला. त्यांच्या पाठीला आमच्या पट्टीवाचून चैन पडत नसे. भामट्याने पासवर्ड बदलला आणि त्या संध्याकाळी त्यांचा मेल त्यांच्यासाठी कायमचा बंद झाला. आत त्यांच्या बायकोची पत्रे होती. ती शेवटच्या आजारात दूरच्या हॉस्पिटलात असताना रोज दोन ओळी लिहायची. मास्तरांनी ती छापून ठेवली नव्हती. बायको गेली तेव्हा पत्रे तरी मागे राहिली होती. आता तीही गेली.

ते वर्कशॉपमध्ये आले. आरडाओरडा केला नाही. ताईने हात जोडून सांगितले की तो मेल आमचा नव्हता, आम्हीही फसवले गेलो आहोत. मास्तरांनी सगळे ऐकून घेतले आणि भिंतीवरच्या माझ्या मोठ्या चित्राकडे बोट केले.

"मी हिच्याकडे बघून दार उघडलं," ते म्हणाले. "चोर तुमचा नसेल. पण कुलूप तुम्ही लावायचं होतं."

त्या दिवसानंतर माझ्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरा फिरल्या. लोक मला न वाचताच कचऱ्यात टाकू लागले. खरे सांगते, मलाही माझा भरवसा वाटेनासा झाला. कोणत्या मेलात मी खरी आणि कोणत्यात चोरीची, हे माझे मलाच कळत नसे.

ताईने मग एक संगणक सांभाळणारी बाई आणली. तिचे नाव कुणी घेत नसे. पहिल्याच आठवड्यात तिला सगळे शंकासूर म्हणू लागले. चहा आला तरी "कुणी पाठवला?" असे विचारून मगच कप उचलायची. तिने जगजाहीर केले की आमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी अमुकच यंत्रांना आहे. प्रत्येक मेलवर न दिसणारी मोहर बसवली. वाटेत कुणी मजकूर बदलला की ती मोडणार. आणि मेल पोचवणाऱ्यांना सूचना दिली की या कसोटीला न उतरणारा मेल आमच्या नावाने कुणाच्या दारात टाकू नका. ही शेवटची सूचना मात्र तिने घाईने दिली नाही. आधी नुसती पाळत ठेवली. बरे झाले, कारण दुरुस्तीच्या तारखा कळवणारे आमचेच एक यंत्र विनापरवाना मेल पाठवत होते, आणि ताई ते साफ विसरली होती! चोर शोधता शोधता घरचेच माणूस सापडले.

मग माझी पाळी आली. खरेपणाचा दाखला देणाऱ्या संस्थेने मलाही आरोपीसारखे उभे केले. हे चित्र तुमचेच कशावरून? शिक्क्याची सरकारी नोंद दाखवा. नोंदीत माझ्या पाठीवर अडीच वेढे होते, मेलातल्या माझ्या चित्रात तीन. चित्रकाराला परत बसवले. नंतर कधीतरी चढवलेली लाल झळ गेली, सावली गेली, नोंदीत होती तशी साधी मी उरले. ताईला कॅमेऱ्यासमोर बसून आपण आपणच आहोत हे पटवून द्यावे लागले. आपल्याच आईने काढलेल्या चित्रासाठी ही उलटतपासणी! ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. शंकासूर म्हणाली की त्यांनी इतकं विचारलं म्हणूनच त्यांच्या दाखल्याला किंमत आहे.

आता मला मेलाच्या आत नव्हे, बाहेर, पाठवणाऱ्याच्या नावाशेजारच्या वर्तुळात जागा मिळणार होती. काही ठिकाणी सोबत निळी खूणही. भामट्याने मला मजकुरात डकवले तरी त्या वर्तुळात बसवता येणार नव्हते. पण माझ्या मानाचा पहिला मेलच वाईट बातमीचा निघाला.

दुरुस्तीला आलेल्या एका पट्टीत तारेचा सांधा करपलेला होता. मग दुसरीत. बाहेरून आणलेली तारच सदोष होती. पट्टी पेट घेऊ शकत होती, आणि ती वापरतात कोण, तर दुखणेकरी आणि म्हातारी माणसे, बहुतेक वेळा झोपेत. कुणीतरी सुचवले की गाजावाजा न करता दुकानांतला माल तेवढा परत घ्यावा. आपला मेल असाही कोण उघडतो? ताईने नकार दिला. मजकूर शंकासूरने लिहिला. पट्टीची पिन आत्ताच काढा. या मेलात कुठेही दाबायचे नाही, काही भरायचे नाही. खात्री करायची तर पट्टीवर शिवलेल्या नंबरवर फोन करा.

मास्तर तेव्हा पट्टी पाठीखाली घेऊन पडले होते. त्यांच्या नव्या मेलावर तो आला. धाकटी बहीण सोबत राहायची, तिने वाचून दाखवला.

"कचऱ्यात टाक," मास्तर म्हणाले.

"दादा, आता नावाशेजारी गोगलगाय आहे. निळी खूण पण आहे."

"म्हणजे चोर आता नटूनथटून आलाय."

दुधाने तोंड पोळलेले माणूस ताकही फुंकून पिते. मास्तरांनी चष्मा लावून पत्त्याचे एकेक अक्षर तपासले. जुळले. पण मागच्या वेळीही जुळलेच होते. ते फोन बाजूला ठेवणार, तेवढ्यात बहीण म्हणाली, "पण हा काही मागत नाहीये रे."

मास्तर थांबले. चोर काहीतरी मागतो. हा मेल काहीच मागत नव्हता. त्यांनी पडल्या पडल्या पट्टीचा कोपरा चाचपला, माझ्याखाली शिवलेला नंबर बहिणीला वाचायला सांगितला आणि फोन लावला. त्या दिवशी फोनवर शंकासूर स्वतः बसली होती. मास्तरांनी तिला उलटसुलट विचारले, पट्टीला कोणत्या रंगाचा दोरा आहे इथपर्यंत. तिने शांतपणे उत्तरे दिली.

"तुम्ही खऱ्या कशावरून?" शेवटी त्यांनी विचारले.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "आधी पिन काढा. मग हवा तेवढा संशय घ्या."

बहिणीने पिन काढली. खोळ उसवली तर आत नखाएवढा तपकिरी डाग होता, आणि तो अजून गरम होता. मास्तरांनी फोन पुन्हा कानाला लावला.

"माझ्या बायकोची पत्रं होती हो," ते एवढेच म्हणाले.  शंकासूरने फोन ठेवला नाही.

बऱ्याच पट्ट्या परत आल्या. सगळ्या नाही. कित्येकांनी तो मेल न वाचताच टाकला, कित्येकांच्या मेलात मी दिसलेच नाही, कारण सगळीकडे मला अजून जागा नाही. एका घरी गादी जळाली. माणसे वेळेवर उठली म्हणून वाचली. भामटेही थांबले नाहीत. पत्त्यात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून ते अजून येतात. आणि मास्तर? आमचा मेल आला की आजही आधी फोन करून विचारतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मित्रांनो, मला पाहून डोळे मिटू नका. पत्र कोणत्या घरातून निघाले एवढेच मी सांगू शकते. त्या घरातले माणूस खरे बोलते की नाही, हे मला कळत नाही. म्हणून पत्ता वाचा, घाई करणाऱ्याला थांबवा, पासवर्ड मागणाऱ्याला हाकला. आणि घरातले कुणी पुन्हा पुन्हा "हे खरं ना?" असे विचारत आले, तर त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याच्याबरोबर एकेक अक्षर वाचा.