चरबीचा निरोपसमारंभ

कोकंद शहरात घर सोडून दूर जाणाऱ्याच्या तोंडापुढे उंबऱ्यावर नान धरतात. त्यानं एक घास तोडायचा आणि निघायचं. उरलेला नान खिळ्याला टांगतात. तो संपवायला माणसाला परत यावंच लागतं, अशी समजूत आहे, आणि रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा लोकांचा तिच्यावर जास्त विश्वास आहे. मुअत्तरच्या स्वयंपाकघरात असा एक नान होता. तो तिच्या मुलाचा, सरदोरचा. सरदोर परदेशात, कझानला, इमारती बांधायला गेला होता, आणि त्याचा नान आता इतका कडक झाला होता, की तिकडे पाठवला असता तर बांधकामात खपला असता.

दुसरा नान टांगला गेला तो थट्टेथट्टेत.

त्या दिवशी मुअत्तरकडे मैत्रिणींची गप होती. शाळेपासूनच्या या बायका महिन्यातून एकदा एकीच्या घरी जमत, तुपकट सामसे खात, आणि खाता खाता कोण किती सुटलं यावर चर्चा करत. त्या दिवशी मुअत्तरनं सामशाला हात लावला नाही. चर्चा थांबली.

"काय गं, नवऱ्याशी भांडलीस?" हुर्रियतनं विचारलं. ही त्या टोळीची जीभ.

"आजपासून बंद. मूठभर उकडलेला कुट्टू, केफिर आणि लिंबूपाणी. बस्स."

केफिर म्हणजे ताकाचा कडक स्वभावाचा चुलतभाऊ. त्याच्यावर जगायचं ठरवायला कारणही तसंच असावं लागतं, आणि मुअत्तरकडे ते होतं. तिची सून नफोसत शाळेत शिकवायची. बाळंतपणाची रजा संपत आली होती. उन्हाळा सरला, शाळा उघडली, की ओयदिनला, म्हणजे नुकत्याच चालायला लागलेल्या नातीला, दिवसभर बघायचं कुणी? मुअत्तर दोन पायऱ्या चढली की भात्यासारखी वाजायची. खाली बसली की उठवायला दोघं लागायचे. त्यातला एक नवरा असायचा, म्हणजे खरं तर तिघं लागायचे. उलट अंदिजानच्या विहीणबाई निवृत्त कसरत-शिक्षिका. अंगावर मांस नाही, नुसता उत्साह. "पोरीला मी घेऊन जाते की," असं त्या फोनवर इतकं गोड म्हणाल्या होत्या, की मुअत्तरला तेव्हापासून घास गिळताना नातीचं तोंड दिसायचं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ओपा, म्हणजे ताई, अशी हाक मारून सांगितलं होतं, "ओपा, पन्नाशी आली. सावकाश उतरवा. रोज चाला, साखर कमी, पुलाव अर्धा, पण जेवण सोडू नका. वर्षभरात फरक दिसेल."

वर्षभरात! तोवर ओयदिन अंदिजानमध्ये शिट्टीवर उठाबशा काढत असती.

"माझं तसंच चाललंय बाई," इनोयत हळूच म्हणाली. ती मोजकं बोलायची. "संध्याकाळी कालव्याकाठी चालते. थोडं थोडं जातंय."

"वसंतापासून चालतेयस," हुर्रियत म्हणाली. "तू आहेस तशीच आहेस. कालवा मात्र जरा बारीक झालाय."

बायका खिदळल्या. मग हुर्रियतला आणखी चेव आला. तिनं टोपलीतला ताजा नान उचलला आणि मुअत्तरच्या तोंडापुढे धरला. "इतक्या वर्षांची चरबी घर सोडून चाललीय, तिला रीतीनं निरोप नको द्यायला? तोड घास!"

मुअत्तरनं हसत हसत घास तोडला. नान सरदोरच्या नानाशेजारी टांगला गेला. टाळ्या झाल्या. अंगणातल्या तापचानवर, त्या रुंद लाकडी बैठकीवर, मुअत्तरची आंधळी सासू खोलबीबी पहुडली होती. तिनं मान उचलली.

"कोण चाललंय गं?"

"मुअत्तरची चरबी, आजी!"

"अस्सं. मग परत कधी येणार म्हणाली?"

यावर सगळ्यात मोठा हशा पिकला. म्हातारी तेवढी हसली नाही.

वजन उतरलं. उतरलं म्हणणं बरोबर नाही; कुणीतरी ताडकन उठून निघून जावं, तसं ते गेलं. झगे खुंटीवर टांगल्यासारखे दिसू लागले. गालांची कातडी, भाडेकरू गेल्यावर दारावर राहिलेल्या पाटीसारखी, उगाच लोंबू लागली. फणीत केसांचे पुंजके यायचे. कोकंदच्या ऐन उन्हाळ्यात तिला थंडी वाजायची. उभी राहिली की अंगण एकदा स्वतःभोवती फिरून मग जागेवर यायचं. "ओपा, अगदी नवरी दिसता!" असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. त्यामुळे तिला डॉक्टरीणबाईंकडे जायची गरज वाटली नाही.

पहिल्यांदा विचित्र काही घडलं ते चहाच्या वेळी.

तिचा नवरा तोलिब द्राक्षमांडवाखाली किटली घेऊन बसला होता. त्यानं रीतीप्रमाणे अर्धी वाटी भरली, डावा हात छातीवर ठेवला, उजव्यानं वाटी पुढे केली आणि ती तापचानच्या खांबाजवळच्या कोपऱ्यात ठेवली. ती मुअत्तरची जागा. वीस वर्षं ती तिथेच बसायची. आज ती समोरच्या बाजूला, उन्हात बसली होती.

"अहो सरदोरचे बाबा, मी इकडे आहे."

त्यानं दचकून पाहिलं. "अरेच्चा. मला वाटलं तू... असो." आणि तिला दुसरी वाटी दिली.

ती चहा पिऊन उठली तेव्हा खांबाजवळची वाटीही रिकामी होती.

"उन्हानं आटला," तोलिब म्हणाला. "या उन्हात गाढवं आटतात, चहाचं काय घेऊन बसलीस?"

मग एका दुपारी ती दुकानातून केफिर घेऊन आली, तर तिला ओयी, म्हणजे आई, म्हणणारी नफोसत दारातच थबकली.

"ओयी? तुम्ही बाहेर कशा? आत्ता तर तापचानवर गात होतात!"

"मी कशाला गातेय? गायला श्वास कुठे आहे?"

"मग ओयदिन कुणापाशी आहे?"

दोघी धावल्या. ओयदिन खांबाजवळच्या कोपऱ्यात बसली होती. बसली होती म्हणजे रेलली होती, मागे, चांगली ऐसपैस, जशी ती आजीच्या पोटावर रेलायची. तिच्या पाठीमागे काही नव्हतं. लोड हातभर दूर होता. त्या कोनात बसवलेली बाहुलीसुद्धा उलथली असती. पोरीचे हात आजीच्या गळ्यातल्या माळेच्या उंचीवर कशाशी तरी खेळत होते, एक एक मणी सरकवल्यासारखे. आणि तिच्याखालच्या फळ्या खाली वाकल्या होत्या, थेट मुअत्तरच्या मापानं.

नफोसतला वाटलं, सासूबाई कुठूनशा मागच्या दारानं गेल्या असतील. माणूस स्वतःची समजूत घालायला फार तत्पर असतो. मुअत्तरनं पुढे होऊन नातीला उचललं. ओयदिननं तिच्याकडे पाहिलं, आणि परक्या बाईनं पळवून न्यावं तसा टाहो फोडला. ती दोन्ही हात रिकाम्या कोपऱ्याकडे पसरत होती.

त्या दिवसापासून मुअत्तरनं कुट्टूही अर्धा केला. तिला वाटलं, चरबी अजून पुरती गेली नसेल, म्हणून रेंगाळत असेल.

पुढच्या जुम्म्याला, भर दुपारी, ती ओयदिनला कडेवर घेऊन पाण्याच्या नळाकडे निघाली. पोर रडत होती, आखडत होती. नळाशी पोचता पोचता अंगण फिरलं आणि या खेपेला जागेवर आलंच नाही.

शुद्ध आली तेव्हा नफोसत तोंडावर पाणी मारत होती. "बरं झालं, ओयी, पडायच्या आधी तिला नीट ठेवलंत."

मुअत्तरनं मान वळवली. अंगणाच्या पार पलीकडे, तापचानच्या कोपऱ्यात, ओयदिन गाढ झोपली होती. डोकं किंचित उंच, जणू कुणाच्या दंडावर. फळ्या सावकाश वर खाली होत होत्या.

मुअत्तरनं तिला ठेवलं नव्हतं. ती नळाशीच कोसळली होती, हातात पोर असताना.

थोड्या वेळानं घरातून नफोसतचा दबका आवाज आला. ती अंदिजानशी बोलत होती. "हो, आई. तूच ये. माझा जीव टांगणीला लागलाय इथं."

मुअत्तर भिंत धरत धरत सासूपाशी गेली. "ओयी, ती गेलीच नाही."

"कोण?"

"चरबी. तिथंच बसलीय. जागा माझी, चहा माझा. आणि आता नातही तिची."

म्हातारीनं कान दिला. "मला आंधळीला काय दिसतंय? मला एकच मुअत्तर ऐकू येते. ती त्या कोपऱ्यात बसते, धापा टाकते, पोरीला गाणं म्हणते. तू जे बोलतेयस ते लांबून येतंय, सरदोरच्या फोनसारखं, तुटत तुटत."

"मी तुमच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेय, ओयी!"

खोलबीबीनं हात पुढे करून चाचपलं. हात मुअत्तरच्या खांद्यावरून फिरला, पण काही सापडल्याचं तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही.

"नानाचा घास कुणी तोडला होता?"

"मी."

"तुझ्याच तोंडानं?"

"हो, ओयी."

"मग घर सोडून गेली कोण, सूनबाई?"

मांडवावर एक गांधीलमाशी घोंगावत होती, ती गप्प झाली. मुअत्तरला स्वतःचे हात दिसत होते, पण अंगणाच्या फरशीवर त्यांची सावली नीटशी पडत नव्हती.

ती उठली. आत जाऊन तिनं खिळ्यावरचा आपला नान काढला, किटली घेतली आणि तापचानच्या कोपऱ्यात, त्या वाकलेल्या फळ्यांच्या अगदी शेजारी बसली. नान वाळून खडखडीत झाला होता. ती तुकडा मोडायची, चहात बुडवायची, चावायची. दात दुखत होते. पण इतक्या दिवसांनी तिला चव लागत होती, आणि लाज वाटण्याइतकं बरं वाटत होतं. एक गोष्ट तिनं पाहिली आणि न पाहिल्यासारखी केली. ती एका बाजूनं मोडत होती तो नान दुसऱ्या बाजूनंही कमी होत होता.

शेवटचा तुकडा संपला तेव्हा तोलिब दारातून आत येत होता.

"अगं, सरदोरची आई! कधी आलीस?" तो म्हणाला आणि तिथेच थांबला. आपण असं का विचारलं ते त्याला कळेना. मग तो घाईनं हात धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मुअत्तरला इतकं झापलं, की बाहेर बसलेले इतर रोगीही आपापलं पथ्य आठवू लागले. "चरबीबरोबर ताकदही घालवलीत! पोर दंडानं उचलतात, ओपा, हट्टानं नाही. आणि उपाशी शरीर घाबरतं. खायला मिळालं की दुप्पट साठवून ठेवतं."

मुअत्तरनं मान खाली घातली. त्या संध्याकाळी ती इनोयतबरोबर कालव्यावर गेली. तुतीच्या झाडांखालून दोघी चालत होत्या आणि मागून पावलं ऐकू येत होती. जड, फताडी. मध्येच थांबून धाप टाकणारी.

इनोयतनं मागे पाहिलंसुद्धा नाही. "जरा हळू चाल. तुझी मागं राहतेय."

मुअत्तर थांबली. "तुला... कळते?"

"माझीही यायची. आता फारशी येत नाही."

"कुठं गेली?"

"इथंच, वाटेवर. आज चिमूटभर, उद्या चिमूटभर. एकदम हाकलली की ती दारात येऊन उभी राहते, जुनी वाट तिला पाठ असते. चिमटी चिमटीनं सांडली की परत यायला सगळ्यांनी जमायचं कुठं? डॉक्टरीणबाई याला नियमित व्यायाम म्हणतात." इनोयतनं ओढणी सारखी केली. "पण हाकलायची नाही हं. बरोबर न्यायची."

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी अंदिजानच्या विहीणबाई हजर झाल्या, खांद्याला खेळाडूंची पिशवी लावून. मुअत्तर रोज जेवत होती, अर्धा पुलाव आणि वाडगाभर काकडी-टोमॅटो. रोज चालत होती. चेहऱ्यावर रक्त आलं होतं. पण दंडात अजून जोर नव्हता, आणि ते तिला ठाऊक होतं.

दारात नफोसत ओयदिनला घेऊन उभी होती. तिला एकीकडे आई दिसत होती, एकीकडे सासू, आणि शाळेची घंटा कुणासाठी थांबत नाही.

"उगाच वाद कशाला?" विहीणबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "तुम्ही पोरीला कडेवर घेऊन अंगणाला फेरी मारा. दम लागला नाही, तर मी दुपारच्या गाडीनं परत."

मुअत्तरनं हात पुढे केले. ओयदिननं आजीकडे पाहिलं, मग आजीच्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि ओळखीचं खुदकन हसली. तिनं झेप घेतली.

पोरीचा भार हातांवर आलाच नाही. मुअत्तरच्या हातांखाली आणखी दोन हात आले होते. ऊबदार, मऊ, घामेजलेले, कोपराशी वळ्या असलेले. पाठीला एक मोठं पोट टेकलं. कानापाशी धाप ऐकू येत होती. मुअत्तर चालू लागली. नळ, मांडव, तापचान, पुन्हा दार. खोलबीबीनं जाणाऱ्या पावलांकडे कान दिला आणि एकीनंतर दुसरीसाठी पाय आवरून घेतले.

"दम लागला नाही," विहीणबाई जराशा नाराजीनं म्हणाल्या. "पण श्वासाचा आवाज फार येतो तुमच्या."

त्या दुपारच्या गाडीनं परत गेल्या.

पुढे हिवाळाभर मुअत्तर नातीला सांभाळत राहिली आणि संध्याकाळी कालव्यावर जात राहिली. मैत्रिणींना काही फरक दिसला नाही, आणि हुर्रियतनं तसं बोलूनही दाखवलं. पण खालचे ते हात आठवड्यागणिक थोडे हलके लागायचे, आणि ओयदिन थोडी जड. वाढतं अंग आहे, असं घरातले म्हणायचे. मुअत्तर आपले दंड जरा घट्ट करायची.